मोनोॲमाइन ऑक्सिडेज-रोधके व आहारपथ्य

अवसादावरील (दीर्घकाळ टिकणाऱ्या रोगट विषण्णतेवरील) औषधांपैकी ज्या गटाच्या बाबतीत आहाराचे पथ्य जीवरक्षक ठरते, तो हा गट होय. फेनेल्झीन, ट्रॅनिलसायप्रोमीन व आयसोकार्बॉक्साझिड ही त्यातील प्रमुख औषधे होत. इतर अवसादविरोधी औषधांना हे पथ्य सामान्यतः लागू नाही.

क्षयरोगावर दिलेल्या आयप्रोनियाझिडामुळे रुग्णांची मनोवृत्ती उल्हसित होते, असे १९५२ च्या सुमारास आढळले. १९५७ पासून ते अवसादावर वापरात आले; पुढे यकृताला होणाऱ्या इजेमुळे ते मागे पडले. या गटातील औषधे घेणाऱ्या काही रुग्णांना एकाएकी तीव्र डोकेदुखी होऊन रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत चढे. पत्नीला चीज खाल्ल्यावर असा त्रास होतो, असे नॉटिंगॅमच्या एका औषधविक्रेत्याने पत्राने कळविले. या दुव्याचा पाठपुरावा करून लंडनच्या माउड्सली रुग्णालयातील बॅरी ब्लॅकवेल यांनी १९६३ मध्ये चीज व रक्तदाबवाढ यांचा संबंध दाखवून दिला.

टायरोसीन या ॲमिनो अम्लापासून सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने टायरामीन तयार होते. एरवी आतडे व यकृत यांतील मोनोॲमाइन ऑक्सिडेज हे एंझाइम त्याचा नाश करते. औषधाने एंझाइम निष्क्रिय झाल्यास टायरामीन रक्तात शिरते व तंत्रिकांच्या (मज्जातंतूंच्या) टोकांतून नॉरॲड्रेनॅलीन बाहेर पडते. त्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. जेवणानंतर काही मिनिटांपासून सुमारे दोन तासांत डोक्याच्या मागील भागात ठणका, धडधड, घाम, मळमळ व मानेचा ताठरपणा ही लक्षणे दिसतात. क्वचित मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यूही ओढवतो. अशा वेळी रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

मुरविलेले चीज, यीस्टचा अर्क, सोयाबीन आंबवून केलेले पदार्थ, पिंपातील बिअर, वाळवून मुरविलेले मांस आणि शिळे मांस व मासे वर्ज्य होत. ताजे दूध, ताजे दही व ताजे पनीर सामान्यतः चालतात. एकाच पदार्थातील टायरामिनाचे प्रमाण त्याच्या मुरण्यानुसार व साठवणीनुसार पुष्कळ बदलते. म्हणून एकदा त्रास झाला नाही, एवढ्यावरून तो पदार्थ निर्धोक मानता येत नाही. ताजेपणा हाच पथ्याचा गाभा आहे. मात्र अनावश्यक पदार्थांनी वाढविलेली लांबलचक यादी रुग्णाला पाळवत नाही व तो खरे पथ्यही सोडून देतो.

या औषधांचा रोध अपरिवर्तनीय असल्याने नवे एंझाइम तयार होईपर्यंत, म्हणजे औषध थांबविल्यावरही सुमारे दोन आठवडे, पथ्य पाळावे लागते. सर्दीवरील स्यूडोएफेड्रीन, खोकल्यावरील डेक्स्ट्रोमेथॉर्फान, वेदनाशामक पेथिडीन व इतर अवसादविरोधी औषधे यांच्याशी संयोगही घातक ठरतो. परिवर्तनीय रोध करणाऱ्या मोक्लोबेमाइडाच्या बाबतीत पथ्य बरेच सौम्य असते. क्षयावरील आयसोनियाझिड व लिनेझोलिड यांतही हा रोधक गुण अल्प प्रमाणात असल्याने, ती घेणाऱ्यांनीही टायरामीनयुक्त पदार्थांबाबत वैद्यांचा सल्ला घेणे इष्ट असते. पथ्याच्या भीतीने औषध परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे असते. कारण त्यामुळे अवसाद उलटण्याचा संभव असतो.