सूत्रधाराचे मेज : भूमिकाखेळांसाठी घडवलेला डिजिटल पट

प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याला 1812 साली बॅरन फॉन राइसवित्झ यांनी युद्धखेळाचे जे मेज नजर केले, त्याच्या खणांत टेकड्या, नद्या आणि रस्ते यांचे चौकोनी तुकडे ठेवलेले होते आणि ते हवे तसे जुळवून मेजावर रणभूमी मांडता येत असे. त्यांच्या मुलाने, जो स्वतः तोफखान्यातील अधिकारी होता, 1824 साली या खेळाला 1:8000 प्रमाणाचे नकाशे, फासे आणि लेखी नियम यांची जोड दिली. पण त्याने पंचाला दिलेले स्थान याहून महत्त्वाचे ठरले. दोन्ही पक्षांचे हुकूम पंचाकडे जात आणि शत्रूला ज्या तुकड्या प्रत्यक्ष दिसू शकतील तेवढ्याच तो नकाशावर ठेवी. आजच्या भूमिकाखेळांसाठी हौशी कारागीर जे डिजिटल टेबल घडवतात, त्याचे खरे पूर्वज हे मेज आणि हा पंच होत.

भूमिकाखेळ म्हणजे असा खेळ, ज्यात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राच्या वतीने निर्णय घेतो आणि एक सूत्रधार त्या पात्रांभोवतीचे जग, त्यातील शत्रू व निर्णयांचे परिणाम सांभाळतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा येथून प्रसिद्ध झाला आणि या प्रकाराला त्याचे आजचे रूप मिळाले. हा खेळ सोंगट्यांच्या युद्धखेळांतून निघालेला असल्यामुळे अंतरे इंचांत मोजण्याची सवय त्याच्याबरोबर आली. पुढे एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट हे प्रमाण रूढ झाले आणि चौकोन छापलेल्या व्हिनाइलच्या चटईवर, ओल्या फडक्याने पुसता येणाऱ्या पेनाने, सूत्रधार भिंती व दारे रेखू लागला. या चटईची अडचण अशी की पुढची खोली आधीच काढून ठेवावी तर ती सर्वांना दिसते आणि ऐन वेळी काढत बसावे तर रंगात आलेला खेळ थांबतो.

डिजिटल टेबलाने ही अडचण सोडवली आहे. मेजाच्या मध्यभागी आडव्या बसवलेल्या पडद्यावर संगणकातील नकाशा उमटतो. सूत्रधार आपल्या लॅपटॉपवर भिंती रेषांनी आखून ठेवतो; प्रत्येक पात्राच्या जागेवरून कोणत्या दिशेला नजर कुठवर पोहोचेल याचा हिशेब आज्ञावली करते आणि उरलेला भाग काळा ठेवते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांप्रमाणे मशालीचा स्वच्छ उजेड वीस फुटांपर्यंत आणि अंधूक उजेड त्यापुढे आणखी वीस फूट पडतो, म्हणजे मशालवाला एक चौकोन सरकला की उजेडाचे वर्तुळ त्याच्याबरोबर सरकते आणि कोपऱ्यामागचा पहारेकरी योग्य क्षणीच दिसतो. पंचाच्या झाकण्या-उघडण्याच्या कामातला कंटाळवाणा भाग अशा रीतीने यंत्राकडे गेला आहे. देखण्या नकाशांचे कौतुक पुष्कळ होत असले तरी मेजाचा खर्च वसूल होतो तो येथेच.

बांधणीचा प्रश्न वरवर सुतारकामाचा वाटतो, पण तो अर्धा उष्णतेचा आहे. बहुतेक कारागीर 43 इंची 4के टीव्ही निवडतात, तो सोयीच्या आकारामुळे : त्याचा पडदा सुमारे साडेसदतीस इंच रुंद व एकवीस इंच उंच असून रुंदीत 3840 बिंदू असतात, तेव्हा एका इंचाला साधारण 102 बिंदू पडतात आणि नकाशाचा चौकोन तेवढाच ठेवला की सोंगटीची बैठक त्यात नेमकी बसते. टीव्ही मात्र भिंतीवर उभा राहण्यासाठी बनवलेला असतो. त्याची गरम हवा मागच्या झरोक्यांतून वर निघून जावी अशी योजना असते आणि आडवा ठेवल्यावर हेच झरोके खाली येतात. लाकडी पेटीत कोंडलेली ही हवा हलती ठेवण्यासाठी एका बाजूस हवा आत घेणारा व समोरच्या बाजूस ती बाहेर टाकणारा असे दोन पंखे आणि पडद्याखाली मोकळी जागा ठेवावी लागते. चारही बाजूंनी माणसे तिरकस पाहत असल्यामुळे आयपीएस जातीचा पडदा बरा, कारण त्यात कोनामुळे रंग कमी फिके पडतात. ओएलईडी पडद्यावर तासन्‌तास स्थिर राहणाऱ्या चौकोनांचा ठसा कायमचा उमटण्याची भीती असते.

पडद्यावरचे आवरण हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. ॲक्रिलिक हलके, पण लांब पल्ल्यावर ते मधोमध झोळते. पॉलिकार्बोनेट फुटत नाही, मात्र त्यावर ओरखडे लवकर पडतात. सहा मिलिमीटर जाडीची टफन्ड काच या मापात आठेक किलो भरते आणि तिचा भार पडद्यावर न टाकता चौकटीच्या खाचेवर पेलावा लागतो. शिवाय काच आणि पडदा यांत अंतर जितके जास्त, तितकी बसलेल्या माणसाला सोंगटी चौकोनातून सरकल्यासारखी दिसते. धातूचे फासे काचेवर आपटू नयेत म्हणून कडेला कापड लावलेली पन्हळ करतात, आणि चहाचा पेला मेजाबाहेरच्या फळीवर ठेवण्याचा नियम तर कोणत्याही पंख्याइतकाच आवश्यक मानावा.

सोंगटी कुठे आहे हे मेजाला कळावे, ही पुढची हौस. चौकटीच्या कडांना अवरक्त किरणांचे दिवे आणि समोर ग्राहक बसवले की किरण जेथे अडतो तेथे स्पर्श झाला असे संगणक मानतो. पण टेकलेले कोपर आणि सदऱ्याची बाही यांनाही तो स्पर्शच समजतो. त्यामुळे अनेक गट ही सोय सोडून देतात आणि प्रत्यक्ष सोंगटीमागोमाग तिची पडद्यावरची प्रतिमा सूत्रधारानेच माऊसने सरकवणे पत्करतात.

एक मर्यादा मात्र कोणत्याही किरणांनी दूर होत नाही. पडदा सामाईक असल्याने एका पात्राला दिसलेली गोष्ट सर्व खेळाडूंना दिसते. प्रशियाच्या खेळात दोन्ही पक्षांना वेगळ्या खोल्यांत बसवता येत असे, येथे ती सोय नाही, आणि एकट्या हेराने पाहिलेले गुपित चिठ्ठीनेच त्याच्या हाती द्यावे लागते. तसेच खेळाडू जेव्हा नकाशाच तयार नसलेल्या वाटेने निघतात, तेव्हा माऊसने भिंती आखण्यापेक्षा हात वेगाने चालतो. म्हणून काच निवडणारे जाणकार कारागीर तिच्यावर पुसता येणारे पेन चालते का, हे आधी तपासून घेतात, आणि अशा वेळी पडद्यावर नुसते कोरे चौकोन ठेवून सूत्रधार काचेवरच खोली रेखतो.