चाक बसते, पण जुळते काय?

हैदराबादच्या बेगम बाजारात भांड्यांची घाऊक दुकाने ओळीने आहेत. गिऱ्हाईक पातेले उचलते, झाकण ठेवून पाहते, बसले की दाम मोजते. व्यवहार तेथेच संपतो. मोटारीचे चाकही आपल्याकडे याच दृष्टीने घेतले जाऊ लागले आहे, याची आम्हांस चिंता वाटते. जुन्या गाडीची चकचकीत रिम स्वस्तात मिळाली, बोल्टची भोके जुळली, नट आवळले. मालक खूश, मिस्त्रीही खूश!

परंतु चाक म्हणजे झाकण नव्हे. अ‍ॅम्बॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी या गाड्या मागच्या चाकांच्या जोरावर चालत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी ओढली जाणारी मोटार आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसू लागली. ओढणे आणि वळणे ही दोन्ही कामे एकाच चाकाकडे आली, म्हणून वळणाचा आस टायरच्या मध्याजवळच जमिनीस मिळावा लागतो. त्यासाठी हब चाकाच्या पोटात शिरतो आणि रिमची बैठक मध्यरेषेपासून बाहेरच्या अंगास, बहुधा ३५ ते ४५ मिलिमीटर, सरकवलेली असते. मागून ढकलल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांत ती मध्याच्या पुष्कळ जवळ असे. आता ४० च्या जागी १० मिलिमीटरची रिम चढवली, की प्रत्येक चाक ३० मिलिमीटर बाहेर येते. टायर मडगार्डला घासला तर निदान ऐकू येते. बेअरिंगवरचा जादा ताण मात्र मुकाट्याने आपले काम करीत राहतो. उलट अदलाबदल केल्यास चाक आत शिरून स्प्रिंगला भिडण्याचा धोका.

खरी परीक्षा चोर्ला किंवा अनमोडच्या उतारावर, ऐन पावसाळ्यात. डावे चाक कडेच्या चिखलात, उजवे डांबरावर, आणि अशात ब्रेक दाबला, तर स्टिअरिंगला हिसका बसतो तो उजवीकडे. समोरून ट्रक येत असतो त्याच बाजूला.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरबदल करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंडाची तरतूद केली. पण रस्त्यावरचा शिपाई रिमच्या आतला आकडा वाचणार कसा? तो बहुधा 'ईटी' या अक्षरांपुढे कोरलेला असतो. दुकानदाराने तो बिलावर लिहावा, आणि गाडीच्या मूळ आकड्याशी ताडल्यावाचून मिस्त्रीने पान्याला हात लावू नये, एवढेच आमचे मागणे आहे.