नवा संगणक सारखा बंद पडतोय? विंडोज पुन्हा टाकण्याआधी रॅम तपासा

जळगाव-धुळे भागात विहाराच्या अभ्यासिकेत किंवा कार्यकर्त्याच्या घरी जो संगणक दिसतो, तो बहुतेक वेळा असेंबल्ड असतो. वर्गणी जमते, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट आणले जाते आणि दोन मुले मोबाइलवर व्हिडिओ बघत रात्रीतून सगळे जोडतात. कंपनीच्या तयार संगणकापेक्षा पैसे कमी लागतात आणि पुढे एखादा भाग बदलता येतो. म्हणून आम्हीही तरुणांना हेच सुचवतो. पण या जोडणीत एक दोष असा निघू शकतो की तो सहज पकडीत येत नाही आणि तोवर नुकसान होत राहते. तो म्हणजे सदोष रॅम.

नुकसान कसले, ते आधी सांगतो. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्यात आले होते. त्या आठवणीत लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला आपला समाज जमतो. जुन्या पिढीकडे असे कितीतरी फोटो, पत्रके आणि सांगण्यासारख्या आठवणी आहेत. अनेक तरुण आता ते स्कॅन करून, ज्येष्ठांचे बोलणे रेकॉर्ड करून संगणकात साठवत आहेत. प्रत्येक फाइल कॉपी होताना रॅममधून जाते. रॅम सदोष असेल तर फाइल डिस्कवर पोहोचेपर्यंत बिघडलेली असू शकते, आणि पडद्यावर कसलीही सूचना येत नाही. काही महिन्यांनी फोटो उघडला की अर्धा भाग करडा. तोवर मूळ फोटो त्या कुटुंबाकडे परत गेलेला असतो आणि मोबाइलमधले रेकॉर्डिंग जागा करायला पुसलेले असते.

रॅम म्हणजे संगणकाची काम करतानाची तात्पुरती आठवण. ८ जीबी रॅममध्ये ६,८७१ कोटींहून अधिक बिट असतात आणि प्रत्येक बिट शून्य किंवा एक. त्यातला एखादा खराब असला तरी पुरतो. युनिकोडमध्ये ‘क’ आणि ‘ग’ यांच्यात फक्त एका बिटाचा फरक आहे. इंग्रजी आकड्यांत १ आणि ३ यांच्यातही एकाच बिटाचा. शिष्यवृत्तीसाठी मुलांच्या बँक खात्यांची यादी करणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सजवळच्या स्खारबेकमध्ये २००३ साली एका उमेदवाराला यंत्राने ४,०९६ मते जादा दाखवली. ४,०९६ हा दोनचा बारावा घात, म्हणजे नेमका एक बिट उलटला होता. मते शक्यतेपेक्षा जास्त झाली म्हणूनच ते लक्षात आले. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे तसे झाले असावे असे मानतात. सिद्ध काही झाले नाही.

तसा प्रकार विरळा. गूगलच्या सर्व्हरांवरचा एक अभ्यास २००९ मध्ये आला. त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक रॅम-पट्ट्यांत किमान एक चूक आढळली, आणि त्यामागे अंतराळी किरणांपेक्षा पट्टीतलेच कायमचे दोष जास्त असल्याचे दिसले. सर्व्हरची रॅम चूक ओळखून दुरुस्त करते. घरगुती संगणकात ती सोय बहुधा नसते.

आता लक्षणे. निळा पडदा येतो आणि दर वेळी त्यावरचा संदेश वेगळा असतो. ब्राउझरचे टॅब आपोआप बंद पडतात. झिप फाइल एकदा उघडते, एकदा ‘करप्ट’ म्हणते. विंडोज टाकतानाच मध्ये अडकते. ‘कधी होते, कधी होत नाही’ ही रॅमची मोठी खूण. उलट, जड काम सुरू होताच निळा पडदा न येता संगणक एकदम बंद होत असेल तर आधी एसएमपीएस आणि तापमान पाहा. आपल्याकडचा मे महिना आणि कॅबिनेटमधली धूळ यांचाही हिशेब धरावाच लागतो.

अशा वेळी दुकानात ‘व्हायरस आहे’ म्हणून विंडोज पुन्हा टाकून देतात आणि पैसे घेतात. घरातले कोणी नव्या वस्तूला नजर लागली म्हणून लिंबू-मिरची सुचवते. आमच्या मते दोन्ही उपायांची पातळी एकच, कारण दोन्हींत कारण शोधलेलेच नसते. सदोष रॅमवर नवे विंडोज टाकले तर त्याच्या फाइलीही त्याच रॅममधून जातात आणि त्याही बिघडू शकतात. तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर न जाता स्वतः तपासायला सांगितले; इथे तर तपासायचे साधन फुकट मिळते.

विंडोजमध्येच ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ आहे. ते सुरू झाल्यावर एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ चाचणी निवडा. त्यात काही सापडले तर दोष आहे असे समजा. सापडले नाही म्हणून रॅम चांगलीच, असे मात्र नाही. जास्त भरवशाचे म्हणजे मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस. दुसऱ्या संगणकावर ते पेनड्राइव्हवर घ्यायचे आणि त्यावरूनच संगणक सुरू करायचा. ते रॅमच्या प्रत्येक कप्प्यात ठरावीक नमुने लिहिते आणि परत वाचून पाहते. १६ जीबीला काही तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवावे. इन्व्हर्टर नसेल आणि मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. एकही चूक दिसली तरी ती चूकच. ‘एवढे चालते’ हे दुकानदाराचे म्हणणे मान्य करू नका.

चूक दिसली की दोष पट्टीत आहे की दुसरीकडे, हे ठरवायचे. आधी बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करून पुन्हा चाचणी घ्या. ही वाढीव वेगाची सेटिंग आहे. ती बंद केल्यावर चुका थांबल्या तर मदरबोर्डला किंवा प्रोसेसरला तो वेग झेपत नसण्याचीही शक्यता असते. तरीही चुका आल्या तर वायर काढा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा आणि मग पट्ट्या काढा. एकच पट्टी परत बसवा, दोन्ही बाजूंनी ‘खट’ आवाज येईपर्यंत. चार स्लॉट असतील तर बहुतेक मदरबोर्डवर प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट वापरायचा असतो. पुस्तिकेत दिलेले असते. नव्या जोडणीत नीट न बसलेली पट्टी हेच कारण अनेकदा निघते. मग दुसरी पट्टी त्याच स्लॉटमध्ये लावून तपासा. चूक एका पट्टीमागे जात असेल तर पट्टी खराब. कोणतीही पट्टी लावली तरी एका ठरावीक स्लॉटमध्येच चूक येत असेल तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसरच्या सॉकेटकडे बघावे लागते.

दोष सापडला की चुकांच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा. पट्टीवरचा अनुक्रमांक आणि जीएसटीचे पक्के बिल सोबत ठेवा. वर्गणीतून खरेदी करताना थोडे वाचवायला कच्चे बिल घेणाऱ्यांना इथेच अडचण येते. रॅमवर बहुतेक कंपन्या अनेक वर्षांची वॉरंटी देतात. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

रॅम बदलून मिळाली की सदोष रॅमच्या काळात कॉपी केलेली प्रत्येक फाइल संशयित धरा. मेमरी कार्ड किंवा मोबाइलमध्ये मूळ फाइल असेल तर विंडोजमधल्या सर्टयुटिल आज्ञेने दोन्ही प्रतींचा हॅश काढून जुळवा; एक अक्षर वेगळे आले तरी प्रत बिघडली आहे, पुन्हा कॉपी करा. मूळ फाइल उरलीच नसेल तर त्या कुटुंबाकडे पुन्हा जाऊन स्कॅन करावे लागेल. आणि बदलून आलेली रॅमसुद्धा पहिल्या रात्री मेमटेस्टवर लावा, फोटो त्यानंतर.