केसपेपरवर श्रद्धेचा रकाना

‘देवानं मला टाकलं का?’ आजारपणात हा प्रश्न मनात येतो, तेव्हा त्याचा शरीराशीही काही संबंध असतो का? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ केनेथ पारगामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या, वयाची 55 वर्षं ओलांडलेल्या 596 रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला. देवानं आपल्याला सोडलं, असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे 28 टक्क्यांनी जास्त दिसला. हा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. श्रद्धेमुळे मृत्यू ओढवला, असं त्यातून सिद्ध होत नाही. पण श्रद्धा जशी आधार देते तशी जखमही करू शकते, ही शक्यता त्यानंतर नाकारता येत नाही.

समजा, नेरुळमधल्या एका समुपदेशकासमोर एक गृहिणी बसली आहे. झोप नाही, भूक नाही, नवरा अंथरुणाला खिळलेला. केसपेपरवर हे सगळं लिहून होतं. उठता उठता ती म्हणते, ‘‘गुरुचरित्राचं पारायण मध्येच सुटलं हो माझं. त्याचंच हे फळ.’’ ‘अंधश्रद्धा आहे’ म्हणून समुपदेशकानं हे झटकलं, तर ती पुन्हा येणार नाही. मान डोलावली, तर अपराधभाव पक्का होईल.

इथे विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे अविवेकी विचार तपासून भावना सावरण्याची पद्धत, कामी येते. ती 1955 साली मांडणारे अल्बर्ट एलिस पक्के नास्तिक होते. सुरुवातीला धार्मिकतेवर त्यांनी कडक टीका केली, पण पुढे, 2000 साली, श्रद्धावान माणसांनाही या पद्धतीचा उपयोग होतो असं त्यांनी मोकळेपणानं लिहिलं. ती मराठीत रुजवली कि. मो. फडके यांनी, आणि ठाण्याच्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी तिची वेदान्ताशी सांगड घातली. मला ही सांगड ओढूनताणून आणलेली वाटत नाही. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे आणि पुढचा सगळा संवाद त्याच्या खचलेल्या मनाशीच चालतो.

मग समुपदेशक त्या बाईला तिच्याच श्रद्धेच्या आत शिरून विचारतो, ‘‘तुमचे दत्तगुरू आजाऱ्याची सेवा करणाऱ्या बाईवर रागावतील?’’ ‘पारायण पुरं व्हावं’ ही इच्छा झाली. ‘व्हायलाच हवं होतं, झालं नाही म्हणून मी पापी’ हा हट्ट. दुःख इच्छेतूनही होतं, पण माणूस मोडतो तो हट्टानं. देव आहे की नाही, हा वाद इथे घालावाच लागत नाही.

मात्र समुपदेशकानं स्वतःचा गुरू, स्वतःचा मंत्र रुग्णाच्या गळ्यात मारता कामा नये. रुग्ण नास्तिक असेल तर त्याचा आधार माणसांत, कामात, गाण्यात शोधावा. कानात आवाज येत असतील तर मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधं आधी. भगताकडच्या फेऱ्यांत महिने गेले तर आजार हाताबाहेर जाऊ शकतो. उपासना औषधांच्या जोडीनं चालू ठेवता येते, आणि हे डॉक्टरांनीच पहिल्या भेटीत सांगितलेलं बरं.