अंगणात कोणतं झाड लावाल?

पावसाळा तोंडावर आला की नर्सरीत गर्दी होते. फुलं पाहून रोप घरी येतं, जागा नंतर शोधली जाते. आमच्या घरीही तेच झालं होतं.

कात्रजच्या डोंगरउतारावर घर बांधलं तेव्हा अब्बांनी कुंपणालगत गुलमोहर लावला. सावली भरपूर मिळाली. पण गुलमोहर मूळचा मादागास्करचा. लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. त्यात आमच्याकडे दोन फुटांखाली मुरूम आणि मग काळा खडक. एका वळवाच्या पावसात मोठी फांदी शेजाऱ्यांच्या अंगणात कोसळली. तिथं रोज त्यांची नात खेळते. त्या वेळी ती घरात होती, अल्हम्दुलिल्लाह.

लावलेल्या झाडाचं माणसानं, पाखरानं किंवा जनावरानं काही खाल्लं, तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, असं हदीसमध्ये आलं आहे. शेजाऱ्याचा हक्कही आपल्याला तितकाच बजावून सांगितला आहे. रोप निवडताना दोन्हींचं भान हवं. चुकलेलं झाड सहज तोडताही येत नाही. १९७५ च्या कायद्यानुसार शहरात त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आम्ही ती रीतसर घेतली.

मग नवं झाड कोणतं? कडुनिंब गुणी, पण त्याला शाळेचं किंवा कब्रस्तानचं मोकळं आवार हवं. बहावा इथल्याच डोंगरातला, उन्हाळ्यात पिवळ्या घोसांनी लगडतो; बकुळ बारमाही हिरवी, सुगंधी. दोन्ही कालांतरानं मोठी होतात, भिंतीपासून पंधरा फूट तरी मोकळे ठेवा. अम्मींना अंजीर हवं होतं. पुरंदरचं अंजीर तर प्रसिद्धच. पण त्याची मुळं ओलीकडे धावतात आणि आमची पाण्याची टाकी जवळच आहे.

शेवटी डाळिंब ठरलं. कुरआनात त्याचाही उल्लेख आहे. झाड दहा-बारा फुटांपर्यंत वाढतं, छाटणी सोपी. दिवसभर ऊन हवं, बुडाशी पाणी साचू नये. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घेऊन माती आणि कुजलेलं शेणखत भरलं. वुजूचं पाणी बादलीत धरून मुलं रोपाला घालतात.

फळं धरली की अळी लागू नये म्हणून त्यांना कापडी पिशव्या बांधतो. दोन-चार मात्र उघडीच ठेवतो. ती बुलबुलांची.