सजेबाहेरचा दाखला

जुन्नरच्या तहसीलदारांचा हुकूम आंबेगाव तालुक्यात चालत नाही. मंचरच्या प्रांतांकडे दोन्ही तालुके, तहसीलदारांकडे एकच, आणि तलाठ्याकडे (आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणायचं) फक्त आपल्या सजेतली गावं. सही-शिक्का अस्सल असला, तरी गाव सजेबाहेरचं निघालं की दाखला रद्दी. वरून खाली येताना हद्द आक्रसते. खालच्याला ती वाढवता येत नाही.

इंटरनेटवर मात्र अशी हद्द सहसा आखलेलीच नसते, हे कळलं तेव्हा मी चक्रावलो.

नारायणगावचा शेतकरी सातबारा काढायला मोबाइलवर महाभूमीचं संकेतस्थळ उघडतो, तेव्हा पलीकडचा सर्व्हर आधी स्वतःच्या नावाचं प्रमाणपत्र पुढे करतो. त्यावर एका मधल्या प्राधिकरणाची सही असते आणि त्या प्राधिकरणाच्या प्रमाणपत्रावर मूळ प्राधिकरणाची. विश्वासू मूळ प्राधिकरणांची यादी फोनमध्ये आधीपासून भरलेली असते. या यादीतला कुणीही, जगात कुठेही बसून, कोणत्याही नावाचा दाखला देऊ शकतो.

याचा अनुभव आपल्याच देशात आला. २ जुलै २०१४ रोजी गूगलला स्वतःच्या नावांची अशी प्रमाणपत्रं आढळली, जी त्यांनी कधी मागितलीच नव्हती. सही होती एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या प्रमाणन प्राधिकरणाची. एनआयसीच्या वर भारताचे प्रमाणन प्राधिकरण नियंत्रक, म्हणजे सीसीए. आणि सीसीएचं मूळ प्रमाणपत्र तेव्हा विंडोजच्या विश्वासू यादीत होतं. फायरफॉक्सची यादी वेगळी असल्याने तो वाचला. दुसऱ्याच दिवशी सीसीएने एनआयसीची मधली प्रमाणपत्रं रद्द केली. चुकीचे दाखले चारच, असा त्यांचा निर्वाळा होता; गूगलला त्या चारांबाहेरचेही ठाऊक होते.

मग गूगलने क्रोमसाठी जे ठरवलं ते कोणत्याही महसूल कारकुनाला पटेल: सीसीएची सजा आखून दिली. गव्ह डॉट इन, एनआयसी डॉट इन, एसी डॉट इन, आणि रिझर्व्ह बँक, बँक ऑफ इंडिया, एनकोड व टीसीएस यांची एकेक नावं. बस, सात. त्यापलीकडे त्यांची सही कितीही खरी असो, क्रोम ती मानणार नाही.

ही मर्यादा ब्राउझरने बाहेरून घातली होती. पण ती प्रमाणपत्रातच लिहायची सोयही आहे. २००८ च्या आरएफसी ५२८० या मानकात तिचं नाव ‘नेम कन्स्ट्रेंट्स’. प्राधिकरणाच्या प्रमाणपत्रात दोन याद्या ठेवता येतात, परवानगीची आणि मनाईची. तपासणारा मुळापासून खाली उतरतो. प्रत्येक पायरीला परवानग्यांमधलं सामाईक तेवढंच उरतं, मनाया मात्र साठत जातात; दोन्हींत वाद झाला तर मनाई जिंकते. शेवटी उरलेल्या हद्दीत संकेतस्थळाचं नाव बसतं का, ते पाहायचं.

खरी गंमत इथे आहे. नाव उजवीकडून, टिंबाटिंबाने तुकडे पाडत वाचावं लागतं. हद्द ‘गव्ह डॉट इन’ असेल तर ‘महाभूमी डॉट गव्ह डॉट इन’ आत. पण ‘खोटेगव्ह डॉट इन’ बाहेर, कारण ‘खोटे’ आणि ‘गव्ह’ यांच्यामध्ये टिंब नाही. नुसती शेवटची अक्षरं जुळवणारा प्रोग्राम इथेच फसतो. एवढ्याशा टिंबावर सगळी शीव उभी! आणि तिच्यावर पहारा ना दिल्लीत, ना गूगलच्या कचेरीत. प्रत्येक फोन स्वतःच तपासतो, पान उघडायच्या आत.

म्हणूनच तपासणाऱ्याला नियम नीट कळायला हवा. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेच्या सुरुवातीच्या मधल्या प्रमाणपत्रात अमेरिकी लष्कराच्या ‘डॉट मिल’ नावांना मनाई लिहिली होती. विंडोज एक्सपीला ती मनाई धड वाचता येईना. लष्कराशी काडीचा संबंध नसलेली संकेतस्थळंही ते नाकारू लागलं. २०१६ मध्ये संस्थेने नवं मधलं प्रमाणपत्र आणलं, त्यात ती ओळ नव्हती.