पूर्वी स्टारची राहिलेली नोंद

सकाळी सहा

चहा होईपर्यंत कालचे कागद पुन्हा चाळून घेतो. जुन्या शाईचं अक्षर सकाळच्या उजेडात नीट लागतं. डिसेंबर लागलाय. कराडला विजय दिवसाची तयारी सुरू झाली, की आमच्या भागातले १९७१च्या लढाईतले म्हातारे ट्रंका उघडतात, कोटावर पदकं लावून बघतात, आणि एखाद्याला शेजारच्याच्या छातीवर आपल्याकडे नसलेलं पदक दिसतं. मग तो माझ्या ओसरीवर येतो.

मी लष्करात क्लार्क होतो, हवालदार होऊन घरी आलो. सारी नोकरी पार्ट टू ऑर्डरी लिहिण्यात गेली. बाहेरच्यांना हा शब्द ठाऊक नसतो. जवान रजेवर गेला, लग्न झालं, मूल झालं, बढती मिळाली, दवाखान्यात दाखल झाला, दुसऱ्या युनिटला जोडला गेला, की युनिट तसा आदेश काढतं. तो पार्ट टू. त्याची प्रत रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथं जवानाच्या शीट रोलवर ती नोंद चढते. पार्ट टू निघालीच नाही, तर ती गोष्ट लष्कराच्या लेखी घडलेलीच नसते. मग माणूस प्रत्यक्ष गोळीबारातून गेलेला असो.

सकाळी आठ

उंडाळ्याकडच्या एक वहिनी आल्या. नवरा दोन पावसाळ्यांपूर्वी गेला. रेकॉर्डला बायकोचं नाव माहेरचं, आधार कार्डावर सासरचं, त्यामुळे फॅमिली पेन्शन अडकली. हे काम आता माझ्या हातात बसलंय: प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात (एक मराठी, एक इंग्रजी), नावात बदल झाल्याचा पुरावा आणि अर्ज. यादी मोठ्या अक्षरात लिहून दिली आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या कल्याण संघटकांना कुठल्या वारी भेटायचं तेही सांगितलं. त्या चहा न घेताच उठल्या, एसटी गाठायची होती.

साडेनऊ

पाटण खोऱ्यातले आबा आले. सोबत नातू. आबा पुरवठा दलात ड्रायव्हर होते. १९६७ला भरती झाले आणि सतरा वर्षांची नोकरी करून पेन्शनवर आले. चालणं ताठ आहे, ऐकू मात्र कमी येतं.

“जय हिंद, क्लार्कसाहेब.”

“जय हिंद आबा. बसा. कागद दाखवा आधी.”

नातवाने पिशवीतून डिस्चार्ज बुक काढलं. ते हातात आलं की मी घाई करत नाही. आधी नंबर, मग भरतीची तारीख, घरी पाठवल्याचं कारण, मेडिकल कॅटेगरी, कॅरेक्टर. कॅरेक्टरच्या रकान्यात ‘एक्झम्प्लरी’, म्हणजे वर्तन सर्वांत वरच्या दर्जाचं. मग पदकांचा रकाना. तिथं टाइप केलेल्या चार नोंदी होत्या: सैन्य सेवा मेडल, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं मेडल, नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं मेडल. खाली कोऱ्या ओळी, आणि त्यांवर तिरकी रेघ मारून सही.

मी विचारलं, “लढाईत तुम्ही नेमकं कुठं होता आबा?”

“तुऱ्यावरनं खाली उतरलो. कमालपूर, बक्षीगंज, मग जमालपूर. शक्तिमान होती माझ्याकडं. दारूगोळा न्यायचा, येताना जखमी आणायचे.”

म्हणजे आबा मेघालयातून थेट आत शिरलेल्या फौजेबरोबर होते. कमालपूरची चौकी ४ डिसेंबरला पडली. जमालपूरला आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण, लढली आणि ११ डिसेंबरला ते गाव हाती आलं. त्याच फौजेतली माणसं पुढं टांगाईलवरून ढाक्यापर्यंत गेली. आबा म्हणाले, जमालपूरजवळ रात्रीच्या अंधारात कुणीतरी अस्सल साताऱ्याच्या मराठीत शिवी हासडली आणि त्यांना एकदम घरच्यासारखं वाटलं. हे सांगताना ते पहिल्यांदा हसले.

पण एवढ्या आत जाऊन आलेल्या माणसाच्या छातीवर पूर्वी स्टार का नाही? संग्राम मेडल तर आहे. इथंच या प्रकरणाची गाठ आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. संग्राम मेडल मोठ्या क्षेत्रातल्या सगळ्यांना मिळालं. सीमेवरच्या राज्यांत ३ डिसेंबर १९७१पासून पुढच्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत जो नोकरीला होता, त्याला. प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात उतरलेल्यांसाठी मात्र वेगळे तारे होते, पश्चिमेला पश्चिमी स्टार आणि पूर्वेला पूर्वी स्टार. आबांची मूळ कंपनी सिलिगुडीच्या बाजूला मागं राहिली. आबा आणि काही गाड्या दुसऱ्या युनिटला जोडल्या गेल्या. लढाई संपल्यावर प्रत्येक युनिटने आपल्या माणसांची पदकांची यादी केली. मूळ कंपनीच्या क्लार्कने ताऱ्यासाठी आबांचं नाव घातलं नाही, कारण कंपनी आत गेलीच नव्हती. जोडलेल्या युनिटच्या क्लार्कने घातलं नाही, कारण आबा त्यांच्या नफरीत नव्हते. दोघांच्याही याद्या आपापल्या जागी बरोबर होत्या. आबा तेवढे दोन्हींच्या मधे राहिले.

असं ड्रायव्हर, सिग्नलवाले, नर्सिंग असिस्टंट, स्वयंपाकी यांच्या बाबतीत फार होतं. पलटणीचा शिपाई पलटणीबरोबर असतो, त्याचं नाव सहसा सुटत नाही. सुटतात ते दुसऱ्यांच्या मदतीला पाठवलेले.

साडेदहा

“पुरावा काय आहे?” हा प्रश्न मला विचारावाच लागतो आणि प्रत्येक वेळी जड जातो. ड्रायव्हरकडे काय असणार? गाडीची कार डायरी युनिटकडे राहते. मूव्हमेंट ऑर्डर ज्याच्या हाती असते तो पोचल्यावर जमा करतो. फोटो काढायला तिथं कोण होतं?

नातवाने पिशवी उपडी केली. आबांनी जपलेल्या पत्रांची एक चळत निघाली, दोऱ्याने बांधलेली. त्यात एक अंतर्देशीय पत्र. आजींना लिहिता येत नव्हतं, ते गावच्या मास्तरांनी लिहिलेलं. भाताची मळणी झाली, म्हस व्याली, पोराला खोकला होता आता बरा आहे, तुम्ही जिवाला जपा. घडीवर कडेला पाच पैशांचं ‘शरणार्थी सहायता’ तिकीट. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांसाठी तेव्हा पत्रांवर असं जादा तिकीट लावावं लागे. पोस्टाचा शिक्का पुसट झालाय, पण भिंग लावल्यावर तारीख लागली: ८ डिसेंबर ७१.

मी पत्र उलटून पत्ता वाचला. नंबर, हुद्दा, नाव. त्याखाली मूळ कंपनीचं नाव नव्हतं, जोडलेल्या युनिटचं होतं. शेवटी ‘मार्फत ९९ एपीओ’.

९९ एपीओ म्हणजे पूर्वेकडच्या फौजेचा टपाल पत्ता, पश्चिमेचा ५६. पण नुसत्या ९९ने काम भागत नाही, कारण सिलिगुडीची कंपनीही त्याच पत्त्यावर होती. दोन्ही आकड्यांच्या वरची ओळ महत्त्वाची. मास्तरांनी आबांनी कळवलेला पत्ता अक्षर न् अक्षर उतरवला होता, त्यामुळे लढाईच्या ऐन दिवसांत आबा कुणाकडे होते हे त्या ओळीत लिहिलेलं आहे. कुठल्या साहेबाची सही असलेला कागद मिळाला असता तरी मला एवढा आनंद झाला नसता.

नातू म्हणाला, “लॅमिनेशन करून आणू का काका?”

“अजिबात नको. मूळ कागद आहे तसा ठेव. दोन्ही बाजूंची रंगीत झेरॉक्स काढ.” लॅमिनेशनच्या उष्णतेने जुन्या पत्रांची शाई उडालेली मी पाहिली आहे. आणि पुढं कुणी मूळ कागद तपासायला मागितला, तर प्लॅस्टिकमधला शिक्का नीट वाचता येत नाही.

बारा

एकजण वडिलांचे कागद घेऊन आला. १९६५च्या लढाईत होते, रिझर्व्हला गेले, पेन्शन न मिळताच सुटले. गेले काही वर्षांपूर्वी. मुलाला समर सेवा स्टार त्यांच्या नावावर लावून घ्यायचा आहे. रेकॉर्डचं उत्तर सोबत होतं: पेन्शन नसलेल्यांचे कागद २५ वर्षं ठेवतात, त्यानंतर नियमानुसार नष्ट करतात, सबब माहिती उपलब्ध नाही.

नियम खरा आहे. लाखो माणसांच्या फायली कायम ठेवायला जागा कुठून आणणार, हेही मला कळतं. मी त्याच रॅकांमधे वाढलोय. तरी एक गोष्ट मनाला पटत नाही. कागद सरकारने नियमाने जाळले, आणि पुरावा मात्र शिपायाच्या पोराने आणायचा. कागद नष्ट झाले असतील, तर युनिटच्या पदकांच्या याद्या शोधण्याचं काम खात्याचं असावं, असं माझं ठाम मत आहे.

मुलाला सांगितलं, लाँग रोल नष्ट करत नाहीत. त्यात नाव, नंबर, भरती, सुटका एवढं तरी असतं. माहितीच्या अधिकारात त्या उताऱ्याची प्रत मागायची. काम सुरू करायला तेवढा धागा पुरतो.

दुपारी दोन

जेवून अर्ज लिहायला बसलो. आबांसाठीचा.

लोक अर्जात सगळी हकीकत लिहितात. देशासाठी घाम गाळला, अन्याय झाला, म्हातारपणी दखल घ्यावी. सगळं खरं असतं, पण रेकॉर्डला बसलेल्या पोराला त्यातून काही करता येत नाही. त्याला हवं असतं ते एवढंच: कुठल्या कागदात, कुठल्या रकान्यात, कुठली नोंद नाही, ती कशाच्या आधाराने असायला हवी, आणि ती कुठं सापडेल. म्हणून मी पहिल्या परिच्छेदात नंबर, हुद्दा, नाव, भरती, सुटका, पेन्शन आदेशाचा (पीपीओ) नंबर लिहिला. दुसऱ्यात, शीट रोल आणि डिस्चार्ज बुक या दोन्हींत पदकांच्या रकान्यात पूर्वी स्टारची नोंद नाही. तिसऱ्यात, अर्जदार अमुक युनिटला जोडलेला असताना लढाईच्या क्षेत्रात होता, आधार सोबतचं पत्र आणि साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र. चौथ्यात मागणी, आणि ती दोन टप्प्यांत. आधी जोडणीची पार्ट टू तपासावी, नसल्यास जोडलेल्या युनिटकडून पडताळणी करून ती काढावी. मग त्याआधारे ताऱ्याची नोंद करून पदक देण्याची व्यवस्था व्हावी.

हा क्रम महत्त्वाचा. थेट पदक मागितलं तर ‘नोंद नाही’ एवढंच उत्तर येतं. आधी नोंद दुरुस्त झाली, की पदक नाकारायला कारण उरत नाही.

टाइप करताना आबा खुर्चीतच डुलकी घेत होते. नातवाने हळूच विचारलं, “काका, याचे काही पैसे वाढतील का पेन्शनमधे?”

नाही. वीरचक्रासारख्या शौर्यपदकांना भत्ता असतो, लढाईत भाग घेतल्याच्या ताऱ्याला एक पैसा नाही. मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. तो गप्प झाला, मग म्हणाला, “तरी करूया. आबा पंधरा वर्षं कराडला कार्यक्रमाला येत न्हाईत. मला आत्ता कळलं का येत न्हाईत.”

तसं हुबेहूब पदक कँटोन्मेंटच्या बाजारात विकत मिळतं. खरी पदकं यायला उशीर लागतो, म्हणून नोकरीतले जवानसुद्धा तिथूनच घेऊन वर्दीवर लावतात, त्यात गैर काही नाही. पण त्यांच्या मागं नोंद असते. आबांनी विकत घेऊन लावलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. एवढी वर्षं त्यांनी ते केलं नाही.

साडेचार

साक्षीदार शोधणं हे सगळ्यात नाजूक काम. आबांना दोन नावं आठवली. एक गेले. दुसरे सुभेदारसाहेब, कोरेगाव तालुक्यातले, त्याच गाड्यांच्या काफिल्यात होते. माजी सैनिक संघटनेतून त्यांचा फोन मिळवला. मुलीने उचलला, म्हणाली, दादांना सकाळचं आठवत नाही.

“पण जुनं आठवतं?”

“जुनं सगळं आठवतं.”

फोन आबांच्या हातात दिला. दोघंही कमी ऐकणारे, त्यामुळे ओसरीवरची सगळी माणसं ऐकत होती. पलीकडून आवाज आला, “अरे, तो नाल्यात गाडी घातलेला तूच का?” मग बराच वेळ नाल्याचं, दोरखंडाचं, सकाळी भेटलेल्या गरम पुऱ्यांचं बोलणं. मी ते सगळं वहीत उतरवून घेत होतो. जागा, गाडी, कुणी ओढून काढली. प्रतिज्ञापत्रात ‘हा माझ्याबरोबर होता’ एवढंच लिहिलं तर ते कमकुवत पडतं. ठिकाण आणि प्रसंग आला की वजन येतं.

परवा सकाळी नोटरीला घेऊन त्यांच्याच घरी जायचं ठरलं. वयस्कर माणसाला तालुक्याला बोलावण्यात अर्थ नाही, आणि हे काम पुढच्या आठवड्यावर टाकायचं नाही.

सायंकाळी सात

अर्जाच्या तीन प्रती काढल्या: एक रेकॉर्डला, एक कल्याण कार्यालयाला, एक आबांच्या ट्रंकेत. प्रतिज्ञापत्र जोडलं की स्पीड पोस्टने जाईल. उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र, मग माहितीचा अधिकार. नकार आला तर मुंबईला सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. तिथं जाणारा एक वकील मला माहीत आहे, तो ड्रायव्हरांच्या केसा मन लावून लढतो. नातवाला हे सगळं क्रमाने लिहून दिलं, कारण मीही आता सत्तरीकडे झुकलोय आणि कागद एका माणसाच्या डोक्यात राहू नयेत.

आबा जाताना म्हणाले, “जोडलेल्या युनिटच्या साहेबाचं नाव आठवलं तर कळवू का?”

“रात्री आठवलं तरी फोन करा.”

साडेनऊला फोन आला. आडनाव आठवलं, हुद्दा मेजर, बहुतेक पंजाबकडचे. अर्जाच्या तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य वाढवलं आणि तिन्ही प्रतींचं ते पान पुन्हा छापलं.